‘माझा’ आणि ‘हात’ यांच्या मधे

भारतच्या घरातून देऊळ दिसत नसे, पण ऐकू येई. सातपूरच्या त्या कामगार वसाहतीत घरं अशी खांद्याला खांदा लावून उभी आहेत, की शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली तरी आपल्याच घरची बाई गॅस बंद करायला उठते. गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनामंदिर होतं. सगळे त्याला देऊळच म्हणत. तिथे रविवारची उपासना सुरू झाली, की पेटीचे सूर थेट भारतच्या चहात येऊन पडत. पूर्वी ती पेटी भारत वाजवायचा. आता लखन वाजवत होता.

मनाली, भारतची बायको, निघताना एकदाच विचारी, "येताय?"

"बरं वाटत नाही," तो म्हणे.

ती गेली की तो खिडकीशी खुर्ची ओढून बसे. डाव्या हातात कप, आणि उजवा हात, घरात कोणी नसतानाही, मांडीखाली. मग कान टवकारून ऐके. देवाचं वचन ऐकायला नव्हे, लखन कुठे चुकतो ते ऐकायला.

आणि चूक सापडली, की चहा गोड लागे.

"घसरलं ना बोट," तो भिंतीला म्हणे. "घसरणारच. दहा आहेत तुला, सांभाळायची तरी कशी."

लखन मूळचा विंचूरचा, मंडळीत तसा नवाच. वसाहतीबाहेरच्या रस्त्यावर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, उलट फारच चांगला होता, आणि तेच जास्त सलत होतं. वाईट माणसावर जळायला निदान कारण तरी असतं.

गणपतीच्या दिवसांत ते झालं होतं. भारत कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, हात काढून घ्यायचा, पायाने पेडल दाबायचं. वर्षानुवर्षं हेच काम, इतकं सवयीचं, की हात आपोआप आत जाई आणि आपोआप बाहेर येई. त्या दिवशी हात बाहेर यायच्या आधी प्रेस खाली आली. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली, दोन टोकांना दोन पाहुण्यांसारखी.

जखम भरली. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पण शेजारी कोणी खलबत्त्यात लसूण ठेचला तरी तो दचकून उठे, आणि सगळं अंग घामाने भिजे. डोळे मिटून देवाशी बोलायला बसला, की तोंडात एकच अक्षर येई: का. त्या ‘का’च्या पुढे गाडी हलत नसे. शेवटी त्याने डोळे मिटणंच सोडलं.

भेटायला येणारे लोक आणखी कठीण. त्याच्यासमोर ‘हात’ हा शब्द कोणी उच्चारायलाच तयार नव्हतं. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, एकदा "मंडळी तुला मदतीचा..." एवढं म्हणून अडकले, आणि खोकून "आधार देईल" म्हणाले. भारतला वाटलं, बोटं माझी गेली आणि जीभ यांची लुळी पडली.

मग एके दिवशी लखन आला. पेढ्यांचा पुडा मनालीकडे देऊन तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"भाऊ, मंडळीने मला सांगितलंय पेटीवर बसायला. तुम्ही परत येईपर्यंत. तुमच्या सवयीची पेटी आहे. काही सांगण्यासारखं असेल तर सांगा."

"सांगायचं काय त्यात," भारत म्हणाला. "पेटी म्हणजे पेटी."

सांगण्यासारखं एक होतं.

पेटी वाजते ती हवेवर. मागे चामड्याच्या घड्यांचा भाता असतो. डाव्या हाताने तो हलवत राहायचं, म्हणजे आत हवा भरते, आणि उजव्या हाताने पट्ट्या दाबल्या की तीच हवा सूर होऊन बाहेर पडते. या पेटीच्या भात्याला मागच्या घडीत, कोपऱ्यात, एक भोक होतं. भारतने एकदा त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं, ते सुटलं. मग आज लावू, उद्या लावू करत राहून गेलं. एरवी काही अडत नसे. पण मंडळीच्या आवडीचं एक जुनं गीत होतं, त्याच्या ध्रुवपदात सूर वर चढून लांब रेंगाळे आणि तिथे हवा संपे.

काळोखाच्या घाटामधुनी, धर तू माझा हात, प्रभो.

‘माझा’वर दम तुटायचा. म्हणून भारत तिथे थांबायचा, दोनदा भाता भरून घ्यायचा, आणि मग ‘हात’ वाजवायचा. अर्थाच्या दृष्टीने अगदी चुकीची जागा. पण पेटी थांबली की मंडळी थांबते. वर्षं गेली, मुलं त्याच चालीवर मोठी झाली, आणि आता कोणाला ते गीत दुसऱ्या तऱ्हेने म्हणताच येत नसे. एकदा बाहेरगावचे पाळक आले होते. सगळे ‘माझा’वर गप्प झाले आणि ते बिचारे एकटेच मोठ्यांदा "हात" म्हणून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस वसाहतीतली पोरं एकमेकांना हाक मारल्यासारखी "हाऽत" म्हणून ओरडत फिरत होती.

हे भोक लखनला ठाऊक नव्हतं. त्याने गीतं फोनवर ऐकून, नीट, शुद्ध बसवली होती. आणि भारतने तोंड मिटून ठेवलं होतं. एक दिवस ते गीत येईलच, हे त्याला माहीत होतं. त्या दिवसाची तो वाट बघत होता, जशी लेकरं सणाची बघतात.

तो दिवस ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आला. आदल्या संध्याकाळी मनाली सहज म्हणाली, "उद्या आपलं ते घाटाचं गीत आहे. लखनने बसवलंय."

"मी येतो," भारत म्हणाला.

तिने पोळी तव्यावर तशीच ठेवून त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. भारतने नजर चुकवली. आपण कशासाठी येतोय हे तिला कळलं असतं, तर ती पोळी तव्यावर करपली असती.

तो सगळ्यात मागे बसला, उजवा हात खिशात. लोकांनी मागे वळून वळून सलाम केले. पुढे लखन, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, पेटीवर वाकलेला. बोटं लांब, सरळ, स्वच्छ. ती पट्ट्यांवरून फिरताना बघून भारतच्या नसलेल्या बोटांना मुंग्या आल्या.

गीत सुरू झालं. घाट आला. ‘धर तू माझा’ आला, आणि मंडळी सवयीने थांबली. लखन थांबला नाही. तो पुढे गेला आणि एकटा पडला. मग पेटीचाही दम गेला. तिच्यातून दमेकऱ्याच्या छातीतून यावा तसा एक केविलवाणा आवाज निघाला. अर्धी मंडळी ‘हात’ म्हणाली, अर्धी पुन्हा ‘माझा’ म्हणाली, आणि पोरं फसकन हसली. दुसऱ्या कडव्याला तेच. तिसऱ्याला लखनचे कान लाल झालेले मागूनही दिसत होते.

भारतच्या पोटात थंडगार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. भोवती सगळे झावळ्या धरून उभे होते, आणि तोही उभा होता, एका हातात झावळी आणि चेहऱ्यावर भक्ती.

उपासनेनंतर लखन गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आला. "सलाम, भाऊ. तुम्ही आलात, बरं वाटलं. ऐकलंत ना? काय चुकलं माझं?"

आता सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"सरावाने येईल," भारत म्हणाला.

लखनने मान हलवली आणि खरंच विश्वास ठेवला.

तो आठवडा भारतला सुखात जायला हवा होता. पण माठातलं पाणी दुसऱ्या दिवशीच कोमट झालं. दुकानावरून जाताना त्याला शटरच्या आतून ती ओळ ऐकू येई. लखन जेवायच्या सुट्टीत देवळातून आणलेली पेटी घेऊन बसायचा. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. दर वेळी पेटी तिथेच धापा टाकायची आणि दर वेळी तो मुकाट्याने पहिल्यापासून सुरू करायचा. भारत पाय उचलून चालू लागे. आपण जिंकतोय, असं स्वतःला सांगे. मग एवढं अवघडल्यासारखं का होतंय, ते काही त्याला सांगता येत नसे.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, गेला. शनिवारी दुपारी मनालीने त्याच्या हातात कोकम सरबताची किटली दिली. "कुसाबाई मुलांकडून ईस्टरची गाणी बसवून घेताहेत. देऊन या. उन्हात पोरांचे घसे सुकले असतील."

कुसाबाई मंडळीतल्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या, बाई. वसाहतीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं, भारतलाही. देवळाच्या दाराशी पोचल्यावर भारतला त्यांचा आवाज ऐकू आला आणि तो चपला काढता काढता थांबला.

"इथे थांबायचं," कुसाबाई सांगत होत्या. "‘माझा’ म्हटलं की ओठ मिटायचे. मग ‘हात’."

"का, बाई?" हा हर्षालीचा आवाज. ती प्रत्येक गोष्टीला का विचारायची. "फोनवर तर कोणी थांबत नाही."

"फोनवर भारतदादा नाही ना. तो थांबतो इथे."

"कशाला?"

"प्रार्थना करतो. गाता गाता मधेच, श्वासभर. म्हणून आपणही करायची. मोठी माणसं सगळी करतात. तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही तेव्हा एकमेकांना चिमटे काढत असता."

दाराआड किटली धरून उभ्या असलेल्या भारतच्या कानशिलांत रक्त चढलं. प्रार्थना? तो तर हवा भरत होता.

"मी तिथे सायकल मागितली होती," एक मुलगा म्हणाला.

"मी आजीचे गुडघे."

"आजीचे गुडघे कसे मागशील? तिच्याकडे आहेत ना?"

"बरे व्हायला मागितले, येड्या."

"आणि मी," हर्षाली म्हणाली, "भारतदादाची बोटं मागितली. गणपतीपासून मागतेय. आली नाहीत."

हशा थांबला. कुसाबाईंनी घाई केली नाही. मुलांच्या अवघड प्रश्नावर झटकन उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"मीही तेच मागत होते," त्या म्हणाल्या. "बरं, मला एक सांगा. प्रभू कबरेतून उठला, तेव्हा त्याच्या हातांना काय होतं?"

"खिळ्यांची भोकं."

"बुजली होती?"

"नाही. थोमाचा विश्वास बसेना, म्हणून त्याला दाखवली ना त्याने."

"मेलेला उठतो, त्याला दोन भोकं बुजवता आली नसती?"

मुलं विचारात पडली. "आली असती," सायकलवाला म्हणाला. "पण मग त्यांना ओळखू आला नसता."

"असेल," कुसाबाई म्हणाल्या. "बुजवली का नाहीत, ते मलाही पुरतं ठाऊक नाही रे. भेटला की विचारीन. पण त्याने ती लपवली नाहीत, एवढं ठाऊक आहे."

भारतचा उजवा हात खिशात होता. तो त्याने बाहेर काढला नाही. पण त्या खिशात तो आता अवघडला.

मुलं सरबत पिऊन, मिशा लाल करून पळाली. देवळात दोघंच उरले.

"बाई," भारत म्हणाला, "ते भोक आहे."

"कसलं?"

"भात्याला. मी तिथे प्रार्थना-बिर्थना काही करत नव्हतो. पेटीत हवा राहत नाही म्हणून थांबायचो. मुलांना उगाच काहीबाही शिकवू नका."

कुसाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे एवढी वर्षं मंडळी भोकावर प्रार्थना करतेय."

"सांगा त्यांना खरं काय ते."

"तू सांग हवं तर. मी नाही सांगणार." त्यांनी चष्मा परत चढवला. "नाथा गेला ना, त्या वर्षी माझ्या तोंडून गाणं फुटत नव्हतं. रविवारी उभी राहायची आणि नुसते ओठ हलवायची. भोवती सगळे गातायत आणि मी एकटी मुकी. इतका राग यायचा, भारत, गाणाऱ्या एकेका बाईचा, नवरा अजून शेजारी उभा असलेल्या एकेकीचा. आणि मग तुझा तो थांबा यायचा. तेवढ्यात सगळेच गप्प. सगळे माझ्यासारखे. त्या श्वासभरात मला नाथाचं नाव घेता यायचं. तू हवा भरत होतास, असं म्हणतोस. भरत होतास खरा."

"तुझं झाल्यावर लखन बसेपर्यंत कितीतरी रविवार पेटीच नव्हती," कुसाबाई म्हणाल्या. "तरी मंडळी त्याच जागी थांबायची. पेटी नाही, भोक नाही, तरी. आणि तेव्हा तिथे कोणाचं नाव असायचं, हे हर्षालीने सांगितलंच."

"मला कोणी बोललं नाही."

"तू येत होतास?"

बाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावरून बस गेली. भारतने किटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "लखनला भोकाचं माहीत नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही. मुद्दाम."

कुसाबाई पेले एकात एक घालू लागल्या. "मग मला कशाला सांगतोस? मी काय पेटी वाजवते?"

लखन दुकानात तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात बसला होता. पेटी कोपऱ्यात, बारदानावर. भारतला बघून तो उठला. "सलाम, भाऊ. बसा."

"बसत नाही. भात्याला भोक आहे. मागच्या घडीत, कोपऱ्यात. त्या ओळीला हवा पुरत नाही. थांबून भरून घ्यावी लागते."

लखनने पेटी वळवली, भाता उघडला, घडीत बोट घातलं. बोट पलीकडे निघालं. तो बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

"हे तुम्हाला रविवारी ठाऊक होतं."

"त्याच्या आधीपासून."

"मी विचारलं, काय चुकलं. तुम्ही म्हणालात, सरावाने येईल."

"म्हणालो."

"आठवडाभर घासतोय मी ती ओळ. गिऱ्हाइकं हसून जातात. तुमच्या नावाने इथे बसून नुसती बोटं मोड—" आणि लखनने जीभ चावली. त्याचे कान रविवारसारखेच लाल झाले.

भारतला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी, आणि तेही असं, की शटरचा आधार घ्यावा लागला. "मोड," तो म्हणाला. "तुझी आहेत, खुशाल मोड."

लखनला हसावं की रडावं ते कळेना. "खरं सांगू, भाऊ? तुम्ही येत नव्हता तरी त्या जागेवर तुम्हीच होता. मी कितीही नीट वाजवलं, तरी बाहेर पडताना लोक म्हणायचे, भारत असता तर. मी म्हणायचो, हा माणूस दिसत नाही, वाजवत नाही, तरी रोज माझ्यावर मात करतो. मला तुमचा इतका राग यायचा."

"माझा?" भारतला हे कधी सुचलंच नव्हतं. आपल्यावर जळण्यासारखं आता काही उरलंय, हे ऐकून त्याला, खरं सांगायचं तर, बरंच बरं वाटलं.

लखन पुन्हा घडीकडे वळला. "आता चामडं लावलं तर?"

"पहाटेपर्यंत सुकणार नाही. आणि आता फाटलंयही जास्त. वाजवता वाजवता एका हाताने हवा पुरणार नाही." भारतने वाकून डाव्या हाताने भाता मिटला. "तू पट्ट्या सांभाळ. भाता मी बघतो."

ईस्टरची उपासना उजाडता उजाडता असते. अंगणात सडा घातलेला, बायकांच्या वेण्यांत मोगरा, आणि देवळात कोंबून भरलेली माणसं. पेटीच्या एका बाजूला लखन बसला, आणि समोर, त्याच्याकडे तोंड करून, भारत. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला असलेला भाता समोरच्याच्या उजव्या हाताला येतो. हे भारतच्या बसल्यावर लक्षात आलं. डावा हात पुढे करून बघितला, तर कोपर वेडंवाकडं वळत होतं. मागे मनाली होती. पोरं पहिल्या रांगेत होती, मान उंच करून.

त्याने उजवा हात खिशातून काढला आणि भात्यावर ठेवला. अंगठा एका कडेला, करंगळी दुसऱ्या, मधे तळहात. भाता हलवायला बोटं लागत नाहीत. हेही त्याला आताच कळत होतं.

मोठ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. हर्षालीने मात्र टक लावून बघून घेतलं, मुलं बघतात तसं, आणि समाधान झाल्यावर गाण्याचा कागद उघडला.

गीत सुरू झालं. लखनची बोटं पट्ट्यांवरून धावू लागली, आणि समोर बसून बघताना ती भारतला सलली. अजूनही. सण आला म्हणून मत्सर काही गाव सोडून जात नाही. पण सलतानाही तळहात मागेपुढे होत राहिला. फाटक्या घडीतून हवा निसटत होती आणि तो तिच्यापेक्षा जास्त भरत होता.

घाट आला. ‘धर तू माझा’ आला. भाता काठोकाठ भरलेला होता. लखन ती ओळ एका दमात पार करू शकला असता. या खेपेला थांबायची काही गरजच नव्हती.

भारत थांबला.

लखनने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पट्ट्यांवरून बोटं उचलली. सगळं देऊळ गप्प झालं. कुठेतरी एका तान्ह्याच्या पायातलं घुंगरू वाजलं. भारतने डोळे मिटले. पहिल्यांदा आला तो नेहमीचाच ‘का’. तो त्याने येऊ दिला. पण त्याच्या पाठोपाठ, कधी नव्हे तो, दुसराही एक शब्द आला. लखन. पुढे काय मागावं ते सुचलं नाही. नुसतं नाव होतं, तेवढंच त्याने देवापुढे ठेवलं.

मग त्याने तळहाताने भाता दाबला, आणि मंडळी म्हणाली, "हात."